अक्षर परक्याचे, चाल घरची

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत, जेथे पऱ्हाटी आणि तूर यांखेरीज दुसऱ्या कशाची फारशी मोजदाद होत नाही, अशा बाभुळगावासारख्या तालुक्याच्या गावी बसून कोणी हिब्रू भाषेच्या शिक्षणाविषयी लिहू लागला, तर तो वाचकास किंचित विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु धामणगावच्या स्टेशनाकडून बाभुळगावावरून जी सडक यवतमाळात उतरते, त्या यवतमाळात १९५३ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे उणीपुरी तीस वर्षे, युनियन बिब्लिकल सेमिनरी नावाची संस्था नांदत होती आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊ इच्छिणारे देशभरचे तरुण तेथे जुन्या कराराच्या अध्ययनासाठी हिब्रूची अक्षरे घोकीत होते, ही गोष्ट आज खुद्द यवतमाळातल्याही पुष्कळांच्या ध्यानात नाही. पुढे ती संस्था पुण्यास गेली आणि वऱ्हाडातली हिब्रूही तिच्याबरोबर गेली.

ती हिब्रू मात्र प्रौढांची होती. व्याकरण, कोश आणि टीकाग्रंथ यांच्या आधाराने चालणारी, परीक्षेपुरती. मला जिचा वृत्तान्त सांगावयाचा आहे ती हिब्रू निराळी. ती लहान मुलांची आहे. ज्यांच्या घरात मराठीच बोलली जाते, ज्यांची आडनावे पेणकर, दिवेकर, राजपूरकर, तळकर अशी कोकणातल्या गावांवरून पडली आहेत, आणि तरीही ज्यांनी उजव्या हाताने डोळे झाकून हजारो मैलांपलीकडच्या भाषेतले वाक्य म्हटल्यावाचून रात्री निजू नये अशी ज्यांच्या आईबापांची अपेक्षा असे, त्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मुलांची. या मुलांना हिब्रू कोणी शिकवली आणि बायबलची गाणी कोणी शिकवली, या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे आपण सहज गृहीत धरतो. ती एक नाहीत. अक्षरे शिकविणारे बहुतेक सारे बाहेरून आले. गाणे मात्र समाजाने आपल्या अंगणात, आपल्या शेजाऱ्यांच्या तालावर उभे केले.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच वाचली, आणि ग्रंथ, पोथ्या, लेखनसामग्री सर्व समुद्रार्पण झाले. ही कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते याचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. माझ्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातला महत्त्वाचा भाग हा की ग्रंथ बुडाले असे हा समाज स्वतःच सांगत आला. कुलाबा मुलुखात या लोकांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावकऱ्यांनी त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. ग्रंथ नसता या लोकांजवळ उरले काय? सुंता उरली, शनिवार उरला, खवले नसलेली मासळी न खाण्याचा नेम उरला, आणि ‘शेमा’ नावाचे, ईश्वर एक आहे असे सांगणारे एक हिब्रू वाक्य उरले. जन्म, लग्न, सुंता, मरण, नवस या सर्व प्रसंगी तेच एक वाक्य म्हटले जाई. पिढ्यान्पिढ्या एका समाजाच्या समग्र धर्मशिक्षणाचा पाठ एका वाक्याचा होता, आणि तो लेकराच्या कानावर आईच्या मुखातून पडत होता.

या काळात मुलाला धर्म कळे तो मुख्यतः स्वयंपाकघरातून. सणांची हिब्रू नावे विसरली गेली होती, पण सण विसरले गेले नव्हते. त्यांना मराठी नावे पडली होती आणि त्यातली बरीचशी पदार्थांवरून होती. खिरीचा सण आला की नव्या तांदळाची खीर. बिरड्याचा रोजा आला की उपास सोडताना बिरडे. प्रायश्चित्ताच्या थोर दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घरोघर दारे बंद करून माणसे आत बसत. बिरड्याचा रोजा ज्याच्या शोकाचा, ते जेरुसलेमचे मंदिर कोणी, केव्हा उद्ध्वस्त केले हे त्या मुलास ठाऊक नसे. आज वाल भिजत घातले आहेत, म्हणजे आज उपास आहे, एवढे मात्र त्यास पक्के ठाऊक असे. या पद्धतीस कोणी अडाणीपणा म्हणेल. मला ती फार हिशेबी वाटते, कारण ग्रंथाविना धर्म जतन करावयाचा तर जिव्हेसारखे दुसरे भरवशाचे दफ्तर नाही.

मग बाहेरून शिक्षक आले. त्यांतला पहिला, समाजाच्या स्मरणात दाविद राहाबी या नावाने वसतो. त्याच्या काळाविषयी मतभेद इतके आहेत की काही शतकांचे अंतर पडते. म्हणून तो प्रश्न बाजूस ठेवून कथेचा आशयच पाहू. राहाबीने या लोकांची परीक्षा पाहण्यासाठी बायकांपुढे नाना जातींची मासळी टाकली. त्यांनी खवले व पर असलेली मासळी निवडून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. तेव्हा हे आपलेच बांधव अशी त्याची खात्री पटली. नंतर त्याने तीन घराण्यांतील निवडक तरुणांना हिब्रू वाचावयास शिकविले आणि तेच पुढे समाजाचे ‘काजी’ झाले. लग्ने लावावी, सुंता करावी, तंटे तोडावे, वर्गणी घ्यावी, अशा अधिकाराचे हे वतनच होते, आणि मुसलमानी अमलातला हा हुद्दा यहुदी उपाध्यायास मिळावा यात कोकणातल्या कोणालाही काही वावगे वाटले नाही. मात्र या योजनेत हिब्रू काही घरांपुरती राहिली. सामान्य मुलाच्या वाट्यास ती आली नाही.

सामान्य मुलास तिची वाट मोकळी झाली ती मुंबईत. कंपनी सरकारच्या पलटणीत सुभेदारीपर्यंत चढलेले बेने इस्राएल मुंबईत स्थायिक झाले, आणि त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीकडे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाली तर मंदिर बांधीन असा त्यांचा नवस होता, असे सांगतात. मंदिर झाले, पण त्यात प्रार्थना कोण म्हणणार? एका वाक्यावर मंदिर चालत नाही. तेव्हा कोचीनकडे निरोप गेले, आणि १८२६ पासून पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणात आणि मुंबईत येऊ लागले. त्यांनी प्रार्थनांचा क्रम लावून दिला, पोथी वाचण्याची चाल घालून दिली आणि मुलांना समोर बसवून अक्षरे गिरवून घेतली. अलिबाग, पनवेल, ठाणे या ठिकाणी अनुक्रमे १८४८, १८४९ आणि १८७९ या वर्षी मंदिरे झाली, आणि जेथे मंदिर तेथे ‘हज्जान’, आणि जेथे हज्जान तेथे मुलांची शिकवणी, असा प्रघातच पडला. हज्जान हा प्रार्थना म्हणणारा. पण त्याच्याकडे बहुधा सुंता, कोंबडी कापणे, लग्नाचा करार लिहिणे आणि पोरांना हिब्रू शिकविणे ही सारी कामे असत. इतकी कामे असलेल्या माणसाने शिकविलेली विद्या पाठांतराचीच असणार.

या पाठांतराचे स्वरूप थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. मराठी मूल बाराखडी शिकून आलेले असते. व्यंजनास काना, मात्रा, वेलांटी लागून स्वर बदलतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. हिब्रूत मूळ अक्षरे बावीस, सारी व्यंजने; स्वर दाखवावयाचे ते टिंबांनी आणि रेघांनी, बहुतेक अक्षराखाली. युरोपातल्या मुलास जे नवल वाटे ते कोकणातल्या मुलास वाटत नसे. खाली टिंब देऊन उच्चार बदलणे यात त्याला काय मोठेसे! त्याची अडचण दुसरीकडे होती. पुस्तक उलट्या अंगाने उघडे, ओळ उजवीकडून डावीकडे धावे, आणि ‘बेथ’ व ‘काफ’, ‘दालेथ’ व ‘रेश’ ही अक्षरे इतकी सारखी की एका कोपऱ्याच्या गोलाईवर सारा भेद. जो ‘शेमा’ त्याला आईने आधीच पाठ करविला होता, त्यातील अखेरचा शब्द दालेथवर संपतो; तेथे चुकून रेश वाचले गेले तर ‘एक’ ईश्वराचा ‘दुसरा’ ईश्वर होऊन बसेल, म्हणून हस्तलिखित तोरेत, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथात, ते दालेथ मुद्दाम मोठे काढण्याची रीत आहे. कानाने आलेले वाक्य पहिल्यांदा डोळ्यांनी पाहताना त्या मुलाला आपले पाठांतर आणि ते टपोरे अक्षर यांची गाठ पडलेली दिसे.

दुसरे परके शिक्षक आले ते मिशनरी, आणि त्यांचा हेतू उघड होता. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. त्यांनी मराठी शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएली मुले आली, आणि थोड्याच काळात बेने इस्राएली शिक्षकही आले. स्कॉटलंडहून १८२९ साली आलेले डॉ. जॉन विल्सन यांनी तर या समाजासाठी हिब्रूचे मूलभूत व्याकरण मराठीत लिहून १८३२ मध्ये छापले. मराठीचे स्वतःचे मुद्रित व्याकरण जेव्हा नुकते बाळसे धरीत होते, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण अजून चार वर्षे पुढे होते, तेव्हा मराठी भाषेच्या माध्यमाने हिब्रू शिकविणारे पुस्तक मुंबईत उपलब्ध झाले. विल्सनसाहेबांचा तर्क असा की हे लोक आपला जुना करार मुळातून वाचू लागले की त्यातील भविष्यवाणीचा अर्थ त्यांना कळेल आणि ते नव्या कराराकडे वळतील. त्यांनी मुळातून वाचले, आणि ते अधिक चोख यहुदी झाले. धर्मांतरे अत्यल्प झाली. विल्सन यांच्याविषयी समाजात पुढेही कृतज्ञताच राहिली, कटुता राहिली नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या सुजाणपणाची साक्ष देते. मिशनऱ्यांनी मराठीत आणलेले बायबल हे तर या मुलांचे पहिले वाचनपुस्तकच ठरले: अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, एस्तेर ही माणसे त्यांना प्रथम भेटली ती मराठीत.

येथे एका वेगळ्याच मराठी स्त्रीची आठवण होते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात केल्या आणि सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. त्याची छपाईही तेथल्याच मुलींच्या हातून झाली. दुष्काळातून आलेल्या, काल-परवापर्यंत अक्षरशत्रू असलेल्या मुली खिळे जुळवीत आहेत, हे दृश्य आपल्या शिक्षणाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे असावयास हवे तितके नाही. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तोवर भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले होते.

परंतु मुळाकडे वळू. मुंबईत १८४६ मध्ये हिब्रू आणि मराठी अशी दुहेरी हग्गादा शिळाछापावर निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्याला सचित्र हग्गादा निघाली. हग्गादा हे वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या पाटावर वाचावयाचे पुस्तक. मिसर देशातील दास्यातून सुटका कशी झाली ते त्यात सांगितले आहे. धर्मग्रंथांच्या मालिकेत हे एक पुस्तक असे आहे की जे मुलांसाठीच रचले गेले असे म्हणण्यास हरकत नाही, कारण त्यातील कथनाचा आरंभच घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने गाऊन विचारावयाच्या चार प्रश्नांनी होतो: आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? प्रश्न मुलाने विचारावयाचा आणि घरातल्या वडील माणसांनी रात्रभर त्याचे उत्तर द्यावयाचे, अशी ही योजना. पुण्याच्या हग्गादेतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आहेत. त्या लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत, आणि त्यांचे लाटणे-भाजणे पाहून हे चित्र सदाशिव पेठेतल्या कोणत्याही माजघरातले म्हणून खपून जाईल. मिसरातून निघालेल्या इस्राएलाची कथा मुलाने या पानावरून वाचली, तर मोशेची बहीण त्याच्या कल्पनेत नऊवारीत उभी राहिली असल्यास नवल नाही.

शिक्षकांच्या या परकीय मालिकेत पहिला भरघोस घरचा माणूस म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर. १८३४ चा जन्म, विल्सनसाहेबांच्याच संस्थेत शिक्षण, आणि १८५६ पासून चाळीसएक वर्षे डेव्हिड ससून यांच्या धर्मार्थ शाळेत नोकरी, त्यातही १८६१ पासून मुख्याध्यापकी. ससून घराणे बगदादचे. आणि बगदादी यहुदी मंडळी बेने इस्राएलांना बरोबरीचे मानण्यास राजी नव्हती. १८३६ मध्ये तर त्यांनी दफनभूमीत मधोमध भिंत घालावी असा अर्ज सरकारदरबारी केला होता. मेल्यावरही शेजार नको म्हणणाऱ्या या मंडळींच्या मुलांना हिब्रूचे धडे देण्याचे काम मात्र एका राजपूरकराच्या हाती चार दशके राहिले. राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे एकामागून एक केली, मुलांसाठी हिब्रूची प्रारंभिक पुस्तके तयार केली, आणि १८७१ पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम पाहिले. ज्या भाषेचे एकच वाक्य त्यांच्या पणज्यास येत होते, तिचे पेपर ते तपाशीत होते.

त्याच सुमारास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या भावांच्या व मित्रांच्या साहाय्याने १८७५ मध्ये इस्राएली शाळा स्थापन केली. केहिमकर हे या समाजाचे बखरकारही होत. १८९७ मध्ये त्यांनी पुरा केलेला इतिहास चाळीस वर्षे बाडातच पडून राहिला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. शाळेस लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य मिळू लागले, आणि पुढे हाँगकाँग-शांघायचे धनिक सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. माझगावात ती आजही आहे. या शाळेत मुलास तीन भाषांना तोंड द्यावे लागे: मराठी घरची, इंग्रजी नोकरीची, हिब्रू देवाची. तिघींची गाठ एका वेळापत्रकात बांधावयाची म्हणजे कोणा एकीने माघार घेणे आलेच, आणि रेल्वेत, पोस्टात, पलटणीत, दवाखान्यात नोकऱ्या शोधणाऱ्या मध्यमवर्गीय समाजात ती माघार इंग्रजी घेणार नव्हती, हे सांगावयास नको. हिब्रूच्या तासाला प्रार्थना वाचता आल्या की झाले, अर्थ मराठीतून सांगितला की झाले, एवढ्यावर समाधान मानण्याची वृत्ती बळावली. शाळेस १९२२ मध्ये रिबेका रूबेन मुख्याध्यापिका लाभल्या. हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, इंग्लंडात अध्यापनशास्त्र शिकून आलेल्या, आणि पुढे इंग्रजी वाचनमालेच्या लेखिका म्हणून मुंबई इलाख्यात नाव मिळविलेल्या या बाईंनी १९५० पर्यंत शाळा चालविली. त्यांच्या कारकिर्दीत शाळेची प्रतिष्ठा वाढली. परंतु हिब्रूला घरात स्थान मिळवून देणे हे कोणत्याही शाळेच्या आवाक्यातले काम नव्हते.

आता गाण्याकडे येतो, आणि येथे या वृत्तान्ताचा रंगच पालटतो. १८८० साली मुंबईत बेंजामिन शमशोन अष्टमकर व त्यांच्या सोबत्यांनी ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ काढले. हिंदू हरदासांची कीर्तने या मंडळींनी ऐकली होती, आणि नारदाच्या गादीवर उभे राहून ज्या रीतीने ध्रुवाचे किंवा हरिश्चंद्राचे आख्यान लावतात, त्याच रीतीने योसेफाचे, मोशेचे, दानिएलाचे आख्यान का लावू नये, असे त्यांच्या मनात आले. लगेच पदे रचली गेली. ओवी, साकी, दिंडी, आर्या, अभंग, कटाव, सारी मराठी वृत्ते कामास लागली. पेटी, तबला, झांज आणि टाळ आले. नमनात गणपती-शारदेच्या जागी निराकार एकमेव ईश्वराची स्तुती आली. बाकी पूर्वरंग, उत्तररंग, मधल्या कोट्या, श्रोत्यांना उद्देशून केलेले टोमणे, सगळा थाट कीर्तनाचाच. योगायोग असा की अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल पुण्यास रंगभूमीवर आले तेही याच वर्षी. पुढच्या दोन-तीन दशकांत नाटकातील पदे महाराष्ट्रात घरोघर म्हटली जाऊ लागली, आणि त्या चालींवर बायबलातील पदे बसविणे ही तर मग हातची गोष्ट झाली.

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत कृष्णराव सांगळे यांनी आणि पुढे १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन यांचा असाच उपयोग केला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. टिळकांच्या कवितेने तर साहित्याच्या दरबारात मानाचा पाट मिळविला. बेने इस्राएलांच्या पदांस तो मान मिळाला नाही, आणि याचे कारण त्यांचे काव्यगुण कमी होते एवढेच नव्हे. टिळक आपले भजन सर्वांना ऐकवू पाहत होते. अष्टमकर आणि त्यांचे अनुयायी आपल्याच लेकरांना ऐकवीत होते. यहुदी धर्माला प्रचार करावयाचा नसतो. त्यामुळे या कीर्तनकारापुढे श्रोता म्हणून जो बसे तो आधीच आपल्यातला असे, आणि त्याला जिंकावयाचे नसून जागे ठेवावयाचे असे. मिशनरी शाळेत शिकलेला, इंग्रजी वाचू लागलेला, हज्जानाच्या पाठांतराला कंटाळलेला जो मुलगा, त्याच्यासाठी ही सारी खटपट होती. योसेफाला भावांनी विहिरीत टाकले, हे हिब्रू पोथीत वाचताना तो स्वरचिन्हे चुकत होता. साकीत ऐकताना त्याच्या घशात आवंढा येत होता.

हे गाणे हळूहळू पुरुषांच्या कीर्तनातून बायकांकडे गेले, आणि मला वाटते तेथेच ते खरे रुजले. लग्नघरी, मेंदीच्या रात्री, बारशाला, नवसाच्या मलिद्याला बायकांनी ही पदे म्हटली, वह्यांत उतरून ठेवली, मुलींना दिली. कोचीनच्या यहुदी बायकांतही मल्याळी गाण्यांच्या वह्या अशाच आईकडून लेकीकडे जात. पुरुषांनी हिब्रू जपली, बायकांनी देशी भाषेतले बायबल जपले, असा हा कामाचा वाटा होता. फक्त पुरुषांच्या वाट्याची नोंद सनदांत आणि अहवालांत झाली, बायकांच्या वाट्याची झाली नाही.

याच सुमारास पॅलेस्टाईनमध्ये अगदी उलटा प्रयोग चालला होता. हिब्रू पुन्हा बोलती करू निघालेला एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला आणि आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज एकही भाषा पडू द्यावयाची नाही असा त्याने पण केला. एके दिवशी त्याच्या पत्नीने मुलाला निजविताना नकळत एक रशियन गाणे म्हटले, तेव्हा त्याने संतापाने घर डोक्यावर घेतले, असे त्या मुलानेच पुढे मोठेपणी लिहिले. त्या हट्टातूनच रिशोन लेझिओन येथे १८८६ मध्ये हिब्रू माध्यमाची शाळा आणि १८९८ मध्ये हिब्रू बालवाडी निघाली. बालवाडीतील मुलांना गाणी पुरविण्यासाठी बियालिकसारख्या महाकवीनेही लेखणी उचलली. मुंबईतल्या बेने इस्राएली आईला मात्र मराठी पद म्हणताना कोणी हटकले नाही. परिणाम दोन्हीकडे मनाजोगे नाहीत. तेथे भाषा उठून बसली, पण यिद्दिश, रशियन, अरबी अंगाई पिढीदोनपिढीत मुक्या झाल्या. येथे हिब्रू प्रार्थनेत वेलदोड्यासारखी जपून वापरावयाची वस्तू राहिली, रोजच्या तोंडात आली नाही. पण मुलाला एस्तेर आपल्या आत्यासारखी वाटत राहिली. मला विचाराल तर दुसरा सौदा कमी तोट्याचा होता. अर्थात असा निवाडा देणे वऱ्हाडात बसलेल्या माणसाला सोपे आहे, ज्याच्या भाषेवर कधी तशी पाळी आली नाही.

१९४८ नंतर इस्राएल राष्ट्र झाले आणि पन्नाशी-साठीच्या दशकांत बेने इस्राएलांची बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली: दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद. ज्या हिब्रूचे उच्चार त्यांनी कोचिनी, स्कॉटिश आणि बगदादी गुरूंकडून घेतले होते, ती तेथे भाजीबाजारात बोलली जात होती. आणि लग्नाच्या प्रश्नावरून तेथल्या धर्माधिकाऱ्यांनी ‘तुम्ही पुरे यहुदी कशावरून?’ असे विचारले, तेव्हा १९६४ मध्ये संसदेच्या ठरावाने तो वाद मिटेपर्यंत या लोकांना उपोषणे आणि निदर्शने करावी लागली. दोन हजार वर्षे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना हा दाखला मागितला जावा, यावर भाष्य न केलेलेच बरे. तिकडे गेल्यावर घराघरातली स्थिती उलटी झाली. मुलांना हिब्रू शाळेत, रस्त्यावर, बालवाडीत फुकट मिळू लागली. शिकवावी लागे ती मराठी. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघाले, आणि बायकांच्या वह्यांतली योसेफाची नि मोशेची पदे, जी मुंबईत हिब्रूची उणीव भरून काढण्यासाठी रचली गेली होती, ती तेथे मराठीची उणीव भरून काढण्यासाठी म्हटली जाऊ लागली.

इकडे जे उरले ते आज चार-पाच हजारांच्या घरात असतील. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. माझगावच्या कदूरी शाळेत आता बहुतेक मुले मुसलमान आहेत, आणि शाळेच्या बाबतीत ही काही खेदाची गोष्ट नव्हे; शाळा चालू आहे एवढे पुरे. यहुदी मुलांची हिब्रू मंदिरातल्या शिकवणीत, सुटीतल्या शिबिरात आणि सणाच्या तयारीत होते. त्यातल्या त्यात मुलाची या भाषेशी पहिली घट्ट ओळख घडते ती मलिद्याच्या वेळी. पोह्यांत गूळ-खोबरे कालवून त्यावर फळे रचलेले ताट मध्ये असते, एलियाहू हन्नाबीच्या नावाने नवस फेडावयाचा असतो, आणि त्या संदेष्ट्याला हाक मारणारे हिब्रू गीत सर्वांनी मिळून म्हणावयाचे असते. त्याचा रथ अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर उतरला आणि चाकोरीच्या खुणा उमटल्या अशी श्रद्धा असल्याने, हा संदेष्टा मुलांना परमुलुखातला वाटतच नाही. गीताचे धृपद लहान आहे, पुन्हा पुन्हा येते, आणि ज्याला अजून आलेफ काढता येत नाही असे मूलही दुसऱ्या खेपेस ते म्हणू लागते. तोवर घरातली कोणी मोठी बाई त्याच एलियाहूचे मराठी पद सुरू करते, आणि पोह्यांचे ताट फिरू लागते.